एकाच नंबरच्या दोन वॉर्म टॉर्च, एक हिरवट एक गुलाबी: टिंट कसा ओळखायचा आणि मग काय करायचं

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी दोन टॉर्च मागवल्या, एक आईसाठी आणि एक माझ्या ट्रेकच्या सॅकसाठी, मॉडेल सेम, विक्रेता सेम, दोन्हीच्या खोक्यावर ३०००के छापलेलं. परळच्या आमच्या घरात रात्री सगळे दिवे बंद केले आणि दोन्ही छतावर मारल्या तर एकीचा उजेड केशर घातलेल्या दुधासारखा आणि दुसरीचा मुगाच्या कढणासारखा. आई खाटेवर बसून बघत होती, ती लगेच म्हणाली, "अगं ही दुसरी नको मला, हिच्या उजेडात तुझा चेहरा आजारी दिसतोय." तिला केल्विन, सीआरआय (दोन्ही काय ते पुढे सांगतेच) यातलं काही माहीत नाही, तरी दोन सेकंदात ओळखलं. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं की मॅडम दोन्ही वॉर्मच आहेत, दोन्ही ३०००के, माल बरोबर आहे. आणि खरं सांगायचं तर नियमाच्या भाषेत तो चुकीचा नव्हता, हेच समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, म्हणून इथे सगळं एकत्र लिहून ठेवतेय, म्हणजे तुम्ही टॉर्च घेताना खोक्यावरच्या नंबरवर विसंबून पैसे घालवू नका.

आधी नंबर म्हणजे काय ते. खोक्यावरचा के म्हणजे केल्विन, आणि केल्विन म्हणजे उजेड किती पिवळा-केशरी किंवा किती निळसर, एवढंच. आकडा लहान तर उजेड पिवळसर, त्याला वॉर्म म्हणतात, आकडा मोठा तर निळसर, तो कूल. मेणबत्ती साधारण १९००, जुना फिलामेंटचा बल्ब २७००, दुपारचं ऊन ५०००-५५०० च्या आसपास, आणि घरगुती एलईडी बल्बच्या खोक्यावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं ते ६५००. मरीन ड्राइव्हचं आठवत असेल, २०१५ मध्ये तिथले सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि क्वीन्स नेकलेसचा सगळा नूरच गेला, लोक इतके नाराज झाले की नंतर पुन्हा पिवळसर दिवे आणावे लागले. तो फरक केल्विनचा, तो कोणालाही कळतो. मी ज्याबद्दल बोलतेय तो फरक दुसऱ्याच दिशेचा आहे.

असं समजा की कागदावर एक कमान काढलीय. लोखंडाचा तुकडा तापवत नेला की तो आधी लाल, मग केशरी, मग पिवळसर पांढरा होतो, त्या सगळ्या रंगांची ती कमान, तिला ब्लॅकबॉडी रेषा म्हणतात. केल्विन म्हणजे त्या कमानीवर तुम्ही कुठे उभे आहात ते. पण एलईडी हा काही तापलेला लोखंडाचा तुकडा नाही, त्याचा रंग कमानीवर पडेलच असं नाही, तो कमानीच्या वर पडला तर उजेडात हिरवट झाक येते आणि खाली पडला तर गुलाबी. कमानीपासून किती वर किंवा खाली, या अंतराला डीयूव्ही म्हणतात, आणि टॉर्चवाली मंडळी ज्याला टिंट म्हणतात तो हाच. अधिक डीयूव्ही म्हणजे हिरवट, उणे म्हणजे गुलाबीकडे, शून्य म्हणजे बरोब्बर रेषेवर. खोक्यावर कोणी हा आकडा छापत नाही, आणि डोळ्याला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच.

आता तो विक्रेता नियमाने बरोबर कसा होता ते. पांढऱ्या एलईडीचे रंग गटांत वाटायचं एक अमेरिकन स्टँडर्ड आहे, एएनएसआय सी७८.३७७, त्यात ज्याला ३०००के म्हणतात तो गट प्रत्यक्षात ३०४५ अधिक-उणे १७५ आहे, म्हणजे २८७० पासून ३२२० पर्यंत काहीही चालतं, आणि डीयूव्ही वरखाली साधारण ०.००६ पर्यंत चालतो. २७०० चा गट २७२५ अधिक-उणे १४५, म्हणजे २५८० ते २८७०. बघा, दोघांची भिंत २८७० वर सामाईक आहे, चाळीतल्या शेजारच्या दोन खोल्यांसारखी. त्यामुळे २७०० च्या खोलीत भिंतीला टेकून बसलेला एलईडी आणि ३००० च्या खोलीत त्याच भिंतीला पलीकडून टेकलेला एलईडी हे जवळजवळ जुळे असू शकतात, पण एकाच ३००० च्या खोलीत वरच्या कोपऱ्यातला हिरवट आणि खालच्या कोपऱ्यातला गुलाबी हे शेजारी ठेवले तर एकाच घरातले वाटणार नाहीत. माझ्या दोन टॉर्चचं हेच झालं होतं.

वॉर्ममध्ये हे जास्त का जाणवतं त्यालाही कारण आहे. डोळ्याला केल्विनची पट्टी सारख्या अंतराची वाटत नाही. रंगाचा फरक मोजायला मायर्ड नावाचं एकक वापरतात, दहा लाखाला केल्विनने भागायचं. २७०० चे ३७० मायर्ड, ३००० चे ३३३, म्हणजे फरक ३७ चा. तेच ६००० आणि ६३०० मध्ये फक्त ८ चा. आकडा दोन्हीकडे तीनशेचाच, पण वॉर्मच्या टोकाला तो चारपटीहून जास्त दिसतो. म्हणून कोणी सांगितलं की "शे-दोनशे केल्विनने काय होतंय" तर कूल टॉर्चसाठी ते ठीक आहे, वॉर्मसाठी अजिबात मानू नका.

मुळात फॅक्टरीत एकसारखे का बनत नाहीत? पांढरा एलईडी आतून निळा असतो, साधारण ४५० नॅनोमीटरची निळी चिप, तिच्यावर फॉस्फरचा पिवळा थर, निळ्याचा काही भाग आरपार येतो आणि काही भाग फॉस्फर गिळून पिवळा करून बाहेर टाकतो, दोन्ही मिळून पांढरा. अशी चमकदार निळी चिप निचिया कंपनीत असताना शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये जगासमोर आणली, आणि निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल त्यांना, अकासाकींना आणि अमानोंना मिळून दिलं गेलं. वॉर्म करायचा तर पिवळ्याबरोबर लाल फॉस्फरही घालावा लागतो, म्हणजे मिश्रणात एक जिन्नस वाढला. आमटीत मीठ आणि गूळ दोन्ही अंदाजाने घालायचे तेव्हा रोजची चव थोडी इकडेतिकडे होतेच, तसंच थराची जाडी, फॉस्फरचं प्रमाण, चिपच्या निळ्याची नेमकी छटा, सगळं किंचित हलतं. म्हणून बनल्यावर प्रत्येक एलईडी मोजून वेगवेगळ्या गटांत टाकतात, त्या गटाला बिन म्हणतात. महाग टॉर्च बनवणारे ठरावीक बिन मागून घेतात, स्वस्तवाले जे रीळ (एलईडी पट्टीवर लावून गुंडाळून येतात ते) मिळेल ते.

ही झाली मागची गोष्ट, आता घरी तपासायचं कसं.

रात्रीच करा आणि खोली खरंच अंधारी करा. मुंबईत हेच सगळ्यात अवघड आहे, खिडकीतून रस्त्यावरचा दिवा, समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याचा दिवा, राउटरची हिरवी टिकली, टीव्हीची लाल टिकली, सगळं आत येतं. मी खिडकीला जाड चादर लावते आणि राउटरवर रुमाल टाकते. आमच्यासारखं वन रूम किचन असेल तर बाथरूम सगळ्यात बरं, फक्त टाइल्स रंगीत नकोत. भिंत पांढरी आणि मॅट हवी, ऑइल पेंट चकाकतो. आमच्या भिंती क्रीम रंगाच्या आहेत म्हणून मी छत वापरते, छताला बहुतेक घरी पांढरा डिस्टेंपरच असतो.

दोन्ही टॉर्च शेजारी शेजारी उभ्या ठेवा, तोंड छताकडे, दोन गोळे एकमेकांना टेकतील पण एकमेकांवर चढणार नाहीत असे. उजेड सारखा करून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे, कारण जास्त उजेडाची टॉर्च नेहमी जास्त पांढरी आणि चांगली वाटते आणि मंद असलेली उगाच मळकट. ज्या टॉर्चमध्ये लेव्हल बदलत नाही ती थोडी खाली ठेवा किंवा दुसरी वर धरा. मग पाच-दहा मिनिटं थांबा, आधीच्या दिव्यांची डोळ्याला लागलेली सवय जाऊ द्या. हे लोक करतच नाहीत. आपला डोळा फार लवकर सवय करून घेतो, एकच हिरवट टॉर्च घेऊन रात्रभर चाललात तर तासाभराने ती हिरवी वाटेनाशी होते, मेंदू तिलाच पांढरं मानून टाकतो. त्यामुळे एकटी टॉर्च बघून टिंट ठरवता येत नाही, शेजारी दुसरं काहीतरी लागतंच. दुसरी टॉर्च नसेल तर जुना फिलामेंटचा बल्ब लावा, एखादा घरात निघतोच, देवघरातला नाहीतर फ्रिजमधला. फिलामेंट म्हणजे खरोखर तापलेली तार, त्यामुळे तो जवळजवळ रेषेवरच असतो, वॉर्म टॉर्चसाठी यापेक्षा चांगली मोफत पट्टी नाही. त्याच्या शेजारी टॉर्च लिंबूसारखी दिसली तर डीयूव्ही अधिक, आणि पीचसारखी दिसली तर उणे.

एक चूक मी सुरुवातीला बरेच दिवस करत होते, पिवळेपणा आणि हिरवेपणा यात गल्लत. ३०००के वरचा हिरवट टिंट गवतासारखा हिरवा नसतो, तो जुन्या पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकसारखा दिसतो, किंवा मी वर म्हटलं तसा मुगाच्या कढणासारखा. खरा वॉर्म आणि स्वच्छ टिंट असेल तर त्यात पिवळ्यापेक्षा केशरी-गुलाबी जास्त वाटतं. शंका असेल तर तळहात धरा उजेडात. रेषेच्या खालच्या उजेडात तळहात जिवंत दिसतो, वरच्या उजेडात फिकुटलेला. आईने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं ते हेच.

तळहातावरून आठवलं, टिंट आणि सीआरआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाजारात त्यांची सर्रास खिचडी केली जाते. सीआरआय म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात. ९५ सीआरआयचा एलईडीही हिरवट असू शकतो आणि ८० वालाही गुलाबी असू शकतो. सीआरआय बघायला आपल्या घरात झकास सामान असतं, हळदी-कुंकवाचा करंडा. कुंकू घ्या, गडद लाल, आणि त्याच्यावर आलटूनपालटून दोन्ही टॉर्च मारा. लाल रंग ज्या टॉर्चमध्ये कमी आहे तिच्यात कुंकू विटकरी-तपकिरी दिसतं, चांगल्या टॉर्चमध्ये ते पेटल्यासारखं लाल उठतं. नेहमीचा सीआरआयचा आकडा आठ फिक्या रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो आर९ म्हणून वेगळा दिलेला असतो, त्यामुळे खोक्यावर सीआरआय ९० असूनही कुंकू मरगळलेलं दिसू शकतं. हळदीवर मात्र फार विश्वास ठेवू नका, हळद जवळजवळ सगळ्याच वॉर्म टॉर्चमध्ये छान दिसते.

मग फोनचा कॅमेरा. सगळ्यात जास्त फसवतो तो. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंग फोननेच जुळवून घ्यायच्या सोयीवर, काढलात तर फोन स्वतःच हिरवा काढून टाकतो आणि दोन्ही टॉर्च सारख्याच दिसतात, किंवा उलट, नसलेला हिरवा घालतो. प्रो मोडमध्ये जा, व्हाइट बॅलन्स ४००० किंवा ५००० वर लॉक करा, आयएसओ आणि शटरही लॉक करा, मधला भाग भगभगीत पांढरा होणार नाही इतका फोटो अंधारा ठेवा, आणि दोन्ही टॉर्च एकाच फोटोत घ्या. असा फोटो एवढंच सांगतो की या दोघींत जास्त हिरवी कोण, त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्याच्या फोनमधला फोटो बघून टॉर्च विकत घेऊ नका, मी घेतलीय आणि पस्तावलेय. आकडाच हवा असेल तर ऑपल लाइट मास्टर म्हणून छोटं मीटर मिळतं, फोनला जोडतं, टॉर्चची मंडळी तेच वापरतात, प्रयोगशाळेच्या यंत्राइतकं अचूक नाही पण घरच्या दोन टॉर्चची तुलना करायला पुरतं.

माझ्या डोळ्याचं सांगायचं तर अधिक ०.००३ च्या वर गेलं की मला हिरवं खटकायला लागतं आणि उणे ०.००३ ते उणे ०.००६ मध्ये सगळ्यात सुख वाटतं. ही फक्त माझी आवड नाही, अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापाच्या सरकारी संस्थेत योशी ओनोंनी माणसांना खोलीत बसवून प्रयोग केले तेव्हा लोकांनी रेषेच्या खालचाच उजेड जास्त पसंत केला होता. तरी प्रत्येकाचा डोळा वेगळा, माझ्या भावाला तीच गुलाबी टॉर्च "लिपस्टिक मारल्यासारखी" वाटते, त्याला बरोब्बर रेषेवरची आवडते.

आता एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. एकाच टॉर्चचा टिंट लेव्हलप्रमाणे बदलतो. करंट वाढला की निळ्याचा वाटा वाढतो, उजेड थोडा कूल होतो आणि टिंट गुलाबीकडे सरकतो, करंट कमी केला की उलट. ल्युमिनसचा एसएसटी-२० आणि सॅमसंगचा एलएच३५१डी हे दोन एलईडी यासाठी प्रसिद्धच आहेत, हायवर ठीकठाक आणि लोवर हिरवट. आणि आपण टॉर्च वापरतो कुठे तर लोवर, रात्री आईला बाथरूमला जाताना, तंबूत काही शोधताना, लाइट गेल्यावर जिन्यात. म्हणून तपासताना हायवर तपासून खूश होऊ नका, ज्या लेव्हलवर रोज वापरणार त्याच लेव्हलवर बघा. काही टॉर्च उजेड कमी करायला करंट कमी न करता एलईडी झपाझप चालू-बंद करतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात, त्यात टिंट सगळ्या लेव्हलला सारखा राहतो पण लुकलुक जाणवू शकते. बोटं उजेडात जोरात हलवून बघा, बोटांच्या अलग अलग प्रतिमा दिसल्या तर ते पीडब्ल्यूएम.

बीममध्येही रंग बदलतो. मधला गोळा एक रंगाचा आणि कडेचं वर्तुळ पिवळं-हिरवं, असं दिसलं तर दचकू नका. चिपमधून सरळ वर निघालेला निळा उजेड फॉस्फरच्या थरातून कमी अंतर जातो, तिरका निघालेला जास्त अंतर जातो आणि जास्त पिवळा होतो. क्री कंपनीचे एक्सएचपी५०.२ आणि एक्सएचपी७०.२ यात हे फार दिसतं. गुळगुळीत आरशासारखा रिफ्लेक्टर हे रंग तसेच भिंतीवर काढून दाखवतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रिफ्लेक्टर थोडं मिसळतो, आणि टीआयआर म्हणजे ती पारदर्शक प्लास्टिकची जाड लेन्स सगळ्यात छान मिसळते. वॉर्म टॉर्च जवळच्या वापरासाठी घेत असाल तर मी डोळे मिटून टीआयआर घ्या म्हणेन. काचेकडेही बघा, तिरपी धरल्यावर जांभळी चकाकी दिसली तर तिच्यावर एआर कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा थर, आहे, ती काच जांभळा परत पाठवते म्हणजे बाहेर जाणारा उजेड कणभर हिरव्याकडे झुकतो. फार नाही, पण आधीच काठावर असलेल्या टॉर्चला तेवढं पुरतं.

विकत घेताना पहिला प्रश्न विचारा, एलईडी कुठला? नुसतं "वॉर्म व्हाइट हाय पॉवर एलईडी" लिहिलं असेल तर ती लॉटरी आहे. लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, मी एका दुकानात हे विचारलं तर काउंटरवरचे काका म्हणाले, "ताई, इथे पिवळा आणि पांढरा दोनच येतात, बोला कुठला देऊ." त्यांचंही बरोबर आहे, त्यांचं गिऱ्हाईक तेवढंच मागतं. पण तिथे एक फायदा आहे जो ऑनलाइनमध्ये नाही, चार पीस काढून लावून बघता येतात. आपली आवडती टॉर्च खिशात घेऊन जा, दुकानाच्या आतल्या बाजूला, जिथे ट्यूबलाइट कमी पोचते तिथे, खोक्याच्या आतल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन्ही मारून बघा. गर्दीची वेळ सोडून जा म्हणजे ते वैतागत नाहीत.

एलईडीचं नाव कळलं तर बराच अंदाज येतो. निचियाचा ५१९ए सध्या माझ्या मते वॉर्मसाठी सगळ्यात भरवशाचा, २७०० पासून ५७०० पर्यंत मिळतो, कोडमध्ये एसएम२७३, एसएम३०३, एसएम३५३ असं लिहितात, पहिले दोन आकडे केल्विनचे. आर९०८० लिहिलं असेल तर सीआरआय निदान ९० आणि आर९ निदान ८०, म्हणजे कुंकवाच्या परीक्षेत पास. जुना २१९बी, त्यातला एसडब्ल्यू४५के हा बिन, गुलाबी टिंटसाठी लोकांनी डोक्यावर घेतला होता, अजूनही कोणाकडे असेल तर तो सहसा विकत नाही. दोन टॉर्च जुळणाऱ्या हव्या असतील तर एकाच वेळी एकाच विक्रेत्याकडून मागवा आणि मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की दोन्हीचे एलईडी एकाच रिळातले द्या. मी दुसऱ्या खेपेला असं लिहिलं आणि जुळ्या टॉर्च मिळाल्या. नंतर एक एक करून मागवलं की बिन बदललेला असतो.

तीन-चार एलईडीची टॉर्च घेतलीत तर आणखी एक सोय होते, एखादा हिरवट निघाला तरी बाकीचे त्याला सांभाळून घेतात, सरासरी होते. आणि इथे एक सुंदर गंमत आहे, ती वर सांगितलेली कमान आठवा. तिच्यावरचे २७०० आणि ५००० असे दोन बिंदू घेऊन मध्ये दोरी ताणून बांधली तर दोरी कमानीच्या खालूनच जाणार ना? दोन एलईडींचा उजेड मिसळला की मिश्रणाचा रंग त्या दोरीवर पडतो. म्हणजे दोन्ही एलईडी बरोब्बर रेषेवरचे असले तरी मिश्रण रेषेच्या खाली, गुलाबीकडे जातं. ज्या टॉर्चमध्ये बटण दाबून वॉर्म ते कूल सरकवता येतं त्यांचा मधला उजेड म्हणूनच इतका गोड दिसतो. चार एलईडीची टॉर्च हाताने बनवून घेत असाल तर दोन २७०० चे आणि दोन ४५०० चे असं मागून बघा, मी तशी एक करून घेतलीय आणि घरातली सगळ्यात आवडती तीच आहे.

हिरवट टॉर्च गळ्यात पडलीच असेल तर फेकू नका. सगळ्यात सोपा उपाय मायनस ग्रीन जेल. सिनेमा-सीरियलच्या शूटिंगला लाइटवर जे रंगीत पारदर्शक कागद लावतात तेच. ली कंपनीच्या जेलमध्ये २७९ नंबर म्हणजे आठवा हिस्सा मायनस ग्रीन, २४९ म्हणजे पाव. मुंबईत असल्याचा हा मोठा फायदा, अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात शूटिंगच्या लाइटचं सामान ठेवणारे भरपूर आहेत, तिथे ओळखीने वापरलेल्या जेलचा हातभर तुकडा मिळून जातो आणि टॉर्चला लागतो फक्त रुपयाच्या नाण्याएवढा. टॉर्चचं तोंड कागदावर ठेवून पेन्सिलने गोल काढा, त्याच्या एक मिलिमीटर आतून जेल कापा, बोटांचे ठसे उमटू देऊ नका. बेझल, म्हणजे टॉर्चच्या तोंडाची कडी, उघडत असेल तर काच आणि लेन्सच्या मध्ये बसवा, नसेल तर काचेवर वरून कडेला पारदर्शक टेपचे दोन तुकडे. आधी २७९ लावून बघा. ०.००३-०.००४ ने हिरवा असेल तर तेवढ्यात भागतं, थेट २४९ लावलात तर एकदम जांभळं होऊन बसेल. उजेड थोडा कमी होतो, सवयीने कळत नाही. फक्त एक, फुल टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडावर, जेल लावून टॉर्च पालथी टेबलावर ठेवू नका, जेल वितळते.

दुसरा उपाय जरा हिमतीचा, डीडोम. एलईडीवर सिलिकॉनचा पारदर्शक घुमट असतो, तो काढला की टिंट खाली गुलाबीकडे येतो आणि केल्विनही बराच उतरतो, ५१९ए मध्ये तर ५७०० चा एलईडी हजारभराहून जास्त खाली येतो. म्हणून वॉर्म हवा असेल तर डीडोम करायला मुद्दाम वरच्या केल्विनचा एलईडी घेतात. २७०० वाल्याचा घुमट काढू नका, पार तांबूस होऊन जाईल. ५१९ए चा घुमट एका बाजूने नखाने किंवा बोथट चिमट्याने हळूच लोटला की अख्खा निघतो, पण सगळे एलईडी असे नसतात, काहींच्या घुमटात बारीक सोन्याच्या तारा असतात, घुमटाबरोबर त्या तुटल्या की एलईडी मेला. वॉरंटीही गेली. पहिल्यांदा करणार असाल तर लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंग करणाऱ्यांकडून एखादा मेलेला एलईडी बोर्ड मागून घ्या आणि त्याच्यावर हात बसवा, मी तीन खराब केल्यावर मग खऱ्या टॉर्चला हात लावला.



आणि जूनमध्ये राजमाचीला काजवे बघायला जाणाऱ्यांनी कृपा करून वॉर्म टॉर्चसुद्धा तिथे बंद ठेवा, उजेड वॉर्म असला तरी काजव्यांना तो उजेडच, त्यांचं लुकलुकणं थांबतं. वाट बघायला सगळ्यात खालची लेव्हल, तीही जमिनीकडे तोंड करून.

माझ्या त्या हिरवट टॉर्चला मी २७९ चा तुकडा लावला, बेझल घट्ट केलं आणि न सांगता आईच्या उशाशी ठेवून दिली. आठवड्याभराने रात्री लाइट गेली तेव्हा तिने तीच लावली, माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाली, "ही नवीन आणलीस का गं?"